माझ्या रकान्यात चार

इंदुरी,
१८ जुलै २०२५

प्रिय स्वराज,

सलाम आणि रामराम, दोन्ही घे; तुझ्या पुण्याच्या होस्टेलात जो चालत असेल तो ठेव. आम्ही सगळे बरे आहोत. अब्बांचं पंक्चरचं दुकान चाललंय. तू फोन उचलत नाहीस, म्हणून म्हटलं पत्र टाकावं. ते कट करता येत नाही.

परवा सोमाटणे फाट्यावर तुझे अंबाजीआबा भेटले, परंदवडीहून बाजाराला आलेले. "आमचं सोराज पुन्याला गेलं, तुझं कवा रं?" म्हणाले. "बघू की आबा," म्हटलं. त्यांनी पिशवीतून दोन काकड्या काढून माझ्या हातात कोंबल्या. फार चांगला माणूस आहे तुझा आजा.

आता बातमी. माझा गणित-तीनचा पेपर जूनच्या फेरपरीक्षेत सुटला. सदुसष्ट मार्क! तुझा एक्केचाळीसवर सुटला होता ना? हे तुला समोर बसवून चिडवत सांगायचं ठरवलं होतं.

पण पुण्याच्या कॉलेजात बदली झाली नाही. आपल्या शाखेचं तिसरं वर्ष यंदापासून लोणावळ्याला भरणार नाही. मुलंच उरली नाहीत. दुसऱ्या कॉलेजनं घेतलं तर पुढे शिक्षण, नाहीतर आजवरची सगळी वर्षं पाण्यात. मी तीन ठिकाणी अर्ज केले, पहिला तुझ्याच कॉलेजात. तिन्ही परत आले. सदुसष्ट कुणी वाचलेच नाहीत. किती वेळा नापास, तेवढाच रकाना बघतात. माझ्या रकान्यात चार.

मी आपल्या कॉलेजच्या ऑफिसात खिडकीवर जाऊन भांडलो. म्हटलं, मी दोनदाच नापास झालोय. पुढच्या दोन पेपरांना तर बसलोच नव्हतो, मग चार कसे? खिडकीवरचे हौशीरामकाका म्हणाले, "गैरहजर म्हंजे नापासच की रं. पेपर दे न्हाईतर नको दिऊ, मोजत्यात समदं."

पेपरला न बसण्याची अक्कल मला कुणी शिकवली ते तुला सांगायला नको. "तयारी न्हाई तर बसूच नको, नापासाचा शिक्का तरी बसत न्हाई," तू म्हणालास. दोघांनीही गेल्या डिसेंबरात बसायचं नाही असं ठरलं. पेपरच्या दिवशी मी दुकानात टायर उतरवत होतो आणि तू पेपर लिहीत होतास. घरच्यांनी ढकललं म्हणालास, मला खरं वाटलं. मे महिन्यात तयारी अर्धवट वाटली, तेव्हा तुझ्याच हुशारीनं मी पुन्हा घरी बसलो. तुझी बदलीची कागदपत्रं तेव्हा चालू होती. रोज दुकानात येऊन चहा पीत होतास.

तरी तुझ्यावर राग नव्हता रे. दोघंही सारखेच अडाणी, असं धरून चाललो होतो.

मग काकाच म्हणाले, "तुझ्यासंगं असायचा त्यो परंदवडीचा पोरगा, गैरहजर म्हंजे नापास का, हे त्यो बी इचारून गेलता की. डिसेंबरच्या पेपराच्या आदल्या दिशी. तुला बोलला न्हाई व्हय?"

बोलला होता, मीच विसरलो, असं सांगून मी निघून आलो.

सोमवारपासून परंदवडीच्या पुढच्या एका कंपनीत कंत्राटावर लागतोय, मशीनवर हेल्पर. अम्मीनं पुण्यासाठी गादीची वळकटी बांधून ठेवलीय. ती सोड म्हणायला माझी जीभ रेटत नाही. यापुढे कुठेच काही होणार नाही, हे मला कळून चुकलंय.

त्या आदल्या दिवशी आपण एकत्रच परत आलो, स्वराज. तू खिडकीवरून आलास, मी फाटकात थांबलो होतो. तुझ्या कॉलेजात तेव्हा बदलीसाठी एकच जागा रिकामी होती, हेही आता कळलं. लोणावळ्याहून तळेगावपर्यंत लोकलमध्ये पाऊण तास शेजारी बसून तू माझ्या पुडीतले शेंगदाणे खाल्लेस. सोलून मलाही दिलेस. मळवली गेलं, कामशेत गेलं, वडगाव गेलं. एका तरी स्टेशनावर सांगायचंस.

उत्तर पाठवू नकोस. आबांना मी काही सांगणार नाही.

तुझा, कारण दुसरं काय लिहायचं ते सुचत नाही,
नवाज