उजवीकडच्या पाट्या

४ मे १९८७
पहिलं शूटिंग आटोपलं. बेसा रोडवरचं कापसाचं जुनं गोदाम, वर पत्रे, आत मे महिना. कॅमेरा सुरू झाला की कूलर बंद, आवाज येतो म्हणून. पुढे खेळायला बसलेल्या जोडप्यांना निदान सरबत तरी मिळतं. आम्ही दोघं बहीणभाऊ बोर्डाच्या मागे, भाजून निघतोय.

टीव्हीवर लागेल तेव्हा लोकांना वाटेल, काय मशीन आहे! सूत्रसंचालक ओरडतो, "सात नंबर!" आणि सातची पाटी गर्रकन फिरून मागचं चित्र दिसतं. मग दुसरा नंबर. चित्रांची जोडी जुळली तर बक्षीस, नाही तर पाट्या परत. ते मशीन म्हणजे मी आणि मधूभाऊ. डावीकडच्या पाट्या माझ्या, उजवीकडच्या त्याच्या. मधे बोर्डाला आधार म्हणून उंच फळी ठोकली आहे, त्यामुळे एकमेकांचं तोंड दिसत नाही. बोलायचं तर माइक पकडतो. म्हणून फळीवर टकटक. त्याची आधी, मग माझी, म्हणजे दोघं तयार.

बोर्ड भाऊनेच केला. पाटीच्या वर-खाली सायकलचे छर्रे, प्रत्येकीला खटका, आणि मागून फिरवायला मूठ. नंबर मी रंगवले. निर्माता पुण्याचा, आम्ही त्याला पुणेकरच म्हणतो. तो म्हणाला, नऊ जरा तिरका वाटतो. स्वतः तिरका उभा होता.

६ मे
भाऊ सकाळी सायकलने निघाला आणि हुडकेश्वरच्या फाट्यावर कोसळला. लू लागली, उष्माघात. दवाखान्यात नेला. अंग तव्यासारखं, शुद्ध नाही. वहिनी रडत नाही, नुसती त्याच्या पायांवर ओला कपडा फिरवते आहे. डॉक्टर म्हणाले, "बघू." हा शब्द मला आवडत नाही.

पुणेकर येऊन गेला. चांगला वागला, खोटं कशाला बोलू. जाताना उद्याचं विचारलं. जोडपी वर्ध्याहून निघाली आहेत. म्हटलं, करू. भाऊच्या जागी लाइटवाला रमेश उभा राहील.

७ मे


शूटिंग छान झालं. रमेशला एकदाच दाखवलं होतं, तरी उजवीकडे एक पाटी चुकली नाही. तेरा नंबर अडकते. तिला आधी उलटं ढकलून मग फिरवायचं, हे भाऊला आणि मलाच ठाऊक. रमेशला सांगायचं राहूनच गेलं होतं. तरी तेरा लोण्यासारखी फिरली. संपल्यावर बाहेर येऊन म्हटलं, "रमेश, कमाल केली गा तू!"

रमेश दारातून बर्फाची लादी घेऊन आत येत होता. "काहून मजाक करता ताई? मले तं साहेबानं बर्फ आणाले पाठवलं होतं. मले वाटलं तुमी दुसरा मानूस पाह्यला."

पुणेकर म्हणाला, "अहो, मला वाटलं तुम्हीच दोन्ही बाजू सांभाळल्यात."

दोन्ही बाजू एकीला सांभाळता येत नाहीत, मधे फळी आहे. वळसा घालून उजवीकडे गेले. कोणी नव्हतं. तेराची मूठ ओली होती, घामाच्या हाताने धरल्यावर होते तशी.

८ मे
आज लवकर गेले. उजवीकडच्या सगळ्या पाट्या तपासल्या. खटके घट्ट आहेत. बोर्ड ओळंब्यात आहे. खालून, वरून, फुंकर मारून पाहिलं. हात लावल्याशिवाय एकही पाटी हलत नाही.

पुणेकर म्हणाला, आज त्या बाजूला कोण? मी म्हटलं, आहे माणूस. का म्हटलं कोण जाणे.

कूलर बंद झाला. फळीवर टकटक. आधी त्या बाजूने.

 मग मीही टकटक केलं, आणि पाट्या फिरायला लागल्या, माझ्या आणि त्याच्या. मधेच घसा खाकरला, भाऊ खाकरतो तसा. मला भीती वाटली हे खरं. पण बरं वाटलं, हे त्याहून खरं.

संध्याकाळी दवाखान्यात वहिनी म्हणाली, "दुपारी हात हालवून राह्यले होते, शकूताई. असा." तिने मनगट वळवून दाखवलं. डॉक्टर म्हणतात झटके येताहेत.

१० मे
काल-आज शूटिंग नाही. काल-आज भाऊचा हातही हलला नाही. ताप चढलेला, श्वास वरवर. वहिनी म्हणते, "हे असे दूर दूर चालले वं."

मी पुणेकरकडे गेले. म्हटलं, उद्या एक तालीम घेऊ, पाट्या जड फिरताहेत. तो माझ्या शिस्तीवर खूश! असू दे.

११ मे
तालीम झाली. उजवीकडच्या सगळ्या पाट्या फिरल्या. दवाखान्यात गेले तर ताप उतरलेला, नाडी बरी. वहिनीला काही सांगितलं नाही. काय सांगू? शास्त्र माझा आवडता विषय होता शाळेत. आता माझं शास्त्र एवढंच: तिकडे पाटी फिरते तोवर इकडे माझा भाऊ आहे. आणि परवा शेवटचं शूटिंग. पुढे काय?

१३ मे
नीट, जसं झालं तसं लिहिते.

शेवटचं जोडपं जिंकलं. टाळ्या, हार, फोटो. कूलर सुरू झाला. मी मूठ सोडली नव्हती, सोडवत नव्हती. तेवढ्यात फळीच्या पलीकडून भाऊचा आवाज. अगदी स्पष्ट.

"जातो वं शके."

आणि मी खेकसले. घरातून निघताना कोणी असं म्हटलं की आई खेकसायची तशीच. "जातो काहून म्हणतं गा? येतो म्हण!" तोंडातून निघूनच गेलं. जन्मभराची सवय, विचार कुठला करते.

 नुसता कूलर.

मग, "येतो."

पहिला आवाज भाऊचा होता, त्याबद्दल शंका नाही. दुसऱ्याचं मात्र आता लिहायला बसल्यावर तसं छातीठोक म्हणवत नाही.

दवाखान्यात पोचले तेव्हा भाऊने डोळे उघडले होते. वहिनी इतक्या दिवसांची आज रडली. मीही तिच्या गळ्यात पडून रडले. भाऊ आमच्याकडे बघत होता.

१७ मे
भाऊ घरी आला. डॉक्टर म्हणाले, नशीबवान माणूस. मी पन्हं करून नेलं. प्यायला. गोड झालं का विचारलं तर म्हणाला, "झालं." आंबट झालं का विचारलं, तरी "झालं."

१९ मे
वहिनीने बाहेर अंगणात बोलावून घेतलं. कुजबुजत बोलली. "शकूताई, हे खाटेवर पडत नाहीत. भिंतीकडे तोंड करून उभे राह्यतात. हाक मारली तं लगेच वळतात, हसतात, माहं नाव घेतात, सगळं बरोबर. पण हाक मारल्याबिगर वळतच नाहीत वं."

मी म्हटलं, आजारपणाचा थकवा आहे, जाईल. ती म्हणाली, "हो." माझा विश्वास बसलेला नव्हता, तिचाही नाही.

२२ मे
पुणेकरचं पत्र. कार्यक्रम मंजूर झाला. पुढच्या महिन्यात पुन्हा गोदाम, पुन्हा बोर्ड. 'तुम्ही दोघंही याच' असं अधोरेखित केलं आहे.

दुपारी हुडकेश्वरला भाऊच्या घरी गेले. भाऊ जेवत होता. वहिनी म्हणत होती, पत्राचं नका सांगू. पण मी सांगितलं. एकदा त्याला विचारायलाच हवं होतं, नाही तर मला वेड लागलं असतं.

त्याने घास खाली ठेवला. "उजवीकडं कोन हाय आता?"

"कोणीच नाही. तुझी जागा रिकामी आहे."

तो विचार करत राहिला. कपाळावर आठी पडली, ती अगदी भाऊचीच. मग मला विचारलं, रागाने नाही, खरंच कळत नसल्यासारखं, "मग मी इथं काय करून राह्यलो वं?"

वहिनीच्या हातातली पोळी तशीच राहिली.  तो उठला, हात धुतले, आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

वहिनी मला खुणावत होती, हाक मारा, तुम्ही मारा. मी तोंड उघडलं. पण कोणत्या नावाने हाक मारावी तेच मला कळेना.