धाकट्या पुळणीला पाचपैकी पाच

प्रिय चेत्या,

एका घरात राहून आजीने पत्र कशाला लिहिलं, असं तुला वाटेल. तर बाबा, तू उजाडायच्या आत कंपनीच्या बसला पळतोस आणि परत येतोस तोवर मी घोरत असते. फोन करावा तर फोन हॉलमध्ये, आणि हॉलमध्ये तुझी आई. जयाच्या समोर जे बोलायचं नाही तेच नेमकं मला बोलायचं आहे. म्हणून हे तुझ्या बुटात घालते. माझी शाळा तिसरीपर्यंत, उरलेलं विहारातल्या प्रौढांच्या वर्गात झालं, त्यामुळे वेलांट्या मोजत बसू नकोस. शनिवारी निघायच्या आत शेवटपर्यंत वाच, एवढंच.

खरं सांगते, दोन महिने माझा तुझ्यावर संशय होता. दर दुसऱ्या शनिवारी पाठीला पिशवी लावून निघतोस. कुठे रे, विचारलं तर म्हणालास, सर्फिंगला. आपल्या खालच्या गाळ्यात रामदासचं इंटरनेटचं दुकान आहे, त्याच्या पाटीवर हाच शब्द लिहिला आहे, तेव्हा मी म्हटलं, बसला असेल पोरगा कॉम्प्युटरसमोर. पण कॉम्प्युटरसमोर बसून कोणी इतकं काळं होतं का? नाकाचं सालटं निघालेलं! शेवटी दूध आणायला गेले तेव्हा रामदासला विचारलंच, आमचा चेतन तुझ्याकडे सर्फिंगला येतो का? तो मेला मान वर न करता म्हणाला, "आजी, त्याच्या कंपनीत दोन हजार कॉम्प्युटर आहेत. माझ्या सहांपैकी दोन बंद आहेत. तुम्हीच सांगा, तो कुठे जाईल." आता ह्याला सरळ नाही म्हणता आलं नसतं? पण कात्रजला आला तरी माणूस पेठेतलाच ना.

मग मी तुझे कपडे बघायला लागले. रागावू नकोस. पँटच्या खिशात वाळू निघाली. जया म्हणाली, कुठे बांधकाम चाललं असेल तिथे बसली असतील टोळकी. मी वाळू चिमटीत धरून बघितली. नदीची नव्हती, बारीक होती, तिच्यात शिंपल्याचा चुरा होता. मग तुझा टॉवेल घेतला आणि बाथरूमचं दार लावून त्याचं टोक जिभेला लावलं. खारट! बाई गं, त्या दिवशी मला एवढा आनंद झाला की मी दुपारची झोपलेच नाही. लग्न होऊन ह्या पुण्यात आले त्याला पंचेचाळीस वर्षं झाली. तुझे आजोबा खडकीच्या कारखान्यात, तुझा बाप सुखदेव टेलिफोनमध्ये, तू कॉम्प्युटरमध्ये, पाणी म्हणजे सगळ्यांना नळाचं. आणि माझा नातू समुद्रात उतरतो! पण कोणाबरोबर, कशासाठी, हा संशय होताच. मुलगी असेल असंही वाटलं. असली तर असू दे, तिला पोहता येतं का तेवढं बघ.

गेल्या मंगळवारी मात्र आभाळ कोसळलं. जया तुझी वही घेऊन रडत स्वयंपाकघरात आली. "अहो आई, पोरगं हातातून गेलं. ह्यात जागोजागी भांग लिहिलंय! अष्टमीला भांग, भांग असेल तर मजा नाही, भांग संपली की जोर येतो." डोक्याला हात लावून बसली बिचारी. सुखदेवला ऑफिसात फोन लावायला निघाली होती. आणि मला हसू आवरेना. चेत्या, हा शब्द तुला कोणी रे सांगितला? तिकडच्या खलाशांनी ना? समुद्राला दोन तऱ्हा, अमावास्या-पौर्णिमेला उधाण आणि अष्टमीला भांग, म्हणजे भरती-ओहोटी मंद. पुण्यात एवढी वर्षं काढली, इथे भांग म्हणजे एक तर केसातला नाहीतर होळीची. मी जयाला म्हटलं, अगं, केसांचंच काहीतरी लिहिलं असेल, आजकालच्या पोरांना लागतं तेल-बिल. तिचा विश्वास बसला नाही, पण वही माझ्याकडे राहिली. ती आता माझ्या उशीखाली आहे.

सगळी वाचली मी. अक्षर अक्षर लावून चार दिवस लागले. केवढं लिहिलंस रे! कुठल्या किनाऱ्यावर लाट कमरेएवढी, कुठे डोक्याएवढी, कुठे उजवीकडे फुटते, कुठे फळी घेऊन उतरायचं, खाली वाळू आहे की दगड. पहाटे जमिनीकडून वारा आला की लाट गुळगुळीत राहते, हेही लिहिलंस. त्या वाऱ्याला मतलई म्हणतात, ते तेवढं घाल. आणि प्रत्येक किनाऱ्याला मास्तरासारखे पाचपैकी मार्क! शेवटी लिहिलंस की हे सगळं नेटवर टाकायचं, म्हणजे कोणालाही वाचून जाता येईल. वाचता वाचता मी हरखून गेले होते. मग शेवटच्या पानावर माझं माहेर आलं. माडकोंड. धाकटी पुळण, आमच्या वाडीचा वाळूचा किनारा.

तिथे तू लिहिलंस, पाचपैकी पाच. नवशिक्यांसाठी उत्तम. ओहोटीला खडकाच्या कडेने शांत पाण्याची पट्टी दिसते, तिथे लाट फुटत नाही, आत जायला ती सोपी वाट. आणि खाली पेन्सिलीने, शनिवारी पौर्णिमा, सकाळी सहाची ओहोटी, नक्की.

चेत्या, त्या शांत पाण्याचा मला आजही विश्वास नाही. दोन्ही बाजूंना लाटा फुटत असताना मध्येच एक पट्टी गप्प का असते, विचार केलास? पुळणीवर आलेलं सगळं पाणी तिथून परत जातं. ती आत जायची वाट नाही, ती आत न्यायची वाट आहे. उधाणाच्या ओहोटीला तिची ओढ बैलाला आवरत नाही.

माझी थोरली बहीण मैना. ती तापाने गेली असं मी तुझ्या आजोबांना सांगितलं, सुखदेवलाही तेच सांगितलं. तसं नाही. आम्ही दोघी ओहोटीला त्याच पुळणीवर तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, काढायला गेलो होतो. पाण्यात उतरलो आणि पायाखालची वाळू गेली. मैना वाडीत सगळ्यांत पटाईत पोहणारी, ती किनाऱ्याकडे तोंड करून सरळ पोहत राहिली आणि तिथल्या तिथे दमली. मी भित्री, माझ्याने जोर लावणं झालंच नाही. मी आडवी गेले, फुटणाऱ्या लाटांत सापडले, आणि त्यांनीच मला ढकलून वाळूवर टाकलं. ओढीत सापडलास तर तूही आडवा जा, लाटा फुटतात त्या बाजूला. किनारा समोर दिसला तरी त्याच्याकडे जाऊ नकोस. हे तुझ्या वहीत कुठेच नाही.

आता पत्र का लिहिलं ते सांगते, कारण तोंडाने मला हे कधी सांगता आलं नसतं. त्या दिवशी मैना दुसऱ्या बाजूने उतरत होती. तिचा हात ओढून मीच म्हटलं होतं, अगं, इथून ये, इथे लाट नाही, सोपं आहे. तुझ्या वहीत माझंच वाक्य मी वाचलं, पोरा, आणि ते तू सगळ्या जगाला वाचायला देणार आहेस. ते पान खोड. ह्या शनिवारी जाऊ नकोस. पुढच्या अष्टमीला, भांगाच्या दिवशी, मला घेऊन चल. जयाला मी सांगते काय सांगायचं ते. मी वाळूवर उभी राहीन आणि ती पट्टी कुठून सुरू होते, कुठे संपते ते बोटाने दाखवीन. तू लिहून घे. धाकट्या पुळणीला मार्क मग आपण दोघं मिळून देऊ.

तुझीच,
सरू आजी