जोडीतला एक व्हॉल्व्ह

अमरावती, २१ नोव्हेंबर १९५९

ग्रामोफोनच्या अ‍ॅम्प्लिफायरसाठी मापून जुळवलेली व्हॉल्व्हची, म्हणजे आतल्या काचेच्या नळ्यांची, जोडी अकोल्याच्या दुकानदाराकडे प्रथम मी मागितली. शेजारच्या प्राध्यापक देशमुखांनी नंतर. परवा त्याने जोडी फोडून दोघांना एकेक दिला! वर म्हणतो, "साहेब, कोनाले नाराज काहून करू? तुमाले एक, त्याइले एक."

जुन्या व्हॉल्व्हशी नवा जुळत नाही; माझ्या अ‍ॅम्प्लिफायरचा आवाज फाटतो. देशमुखांचाही फाटायलाच हवा. तरी सौ. तिकडून ऐकून येते आणि म्हणते, "त्यांच्याकडे तान कशी स्वच्छ येते हो!" त्याच जोडीतला व्हॉल्व्ह, मग स्वच्छ कशी? माझा परत करावा? छे, त्यांची जोडी पूर्ण होईल.

दुकानदाराने दोहोंतला चांगला कोणासाठी निवडला? उत्तर मला लेखी हवे.