दोन थेंब जास्तीचे

प्रिय चिमणे,

अकरा वर्षांनी माझं अक्षर बघून तू पाकीट न उघडताच फाडलं नाहीस, हीच मोठी गोष्ट. इकडे प्रयोगशाळेत सगळं तसंच आहे. सर निवृत्तीला आले, तरी चष्मा कपाळावर ठेवून टेबलाखाली शोधतात. थंड खोलीचं दार अजून खांद्यानंच ढकलावं लागतं.

तुझी ती पांढरी भुकटी आठवते ना? दाण्यादाण्यात डोळ्यांना न दिसणारी छिद्रं. त्यांत अडकलेलं पाणी शून्याखाली साठ अंशांपर्यंत नेलं तरी गोठत नाही, हे तू कितीदा करून दाखवलं होतंस. बर्फ व्हायचं तर हातपाय पसरायला जागा नको का, म्हणायचीस. आणि मी, तुझी प्रयोगशाळेतली ताई, तुझ्याच डब्यातलं निम्मं खाऊन वर तुलाच अक्कल शिकवायचे.

परीक्षक आले त्या सकाळी तू त्यांना आणायला खाली गेलीस आणि मी तुझी कुपी उघडली. भुकटी अगदी कोरडी, हलवली तर मोकळी पडत होती. वाटलं, पोरगी गडबडीत पाणी घालायलाच विसरली, आता हिची फजिती होणार. मी दोन थेंब सोडले. छिद्रं तर आधीच भरलेली होती. ते दोन थेंब दाण्यांच्या बाहेर राहिले; इवलेसे म्हणून शून्याला नाही, पण उणे अठराला गोठलेच. यंत्राच्या आलेखावर बर्फ झाल्याचा सुळका सगळ्यांदेखत उभा राहिला. तुझे आधीचे आकडे बनावट ठरले. तू माझ्याकडे बघितलंस, मी खिडकीबाहेर बघत बसले. मदत करायला गेले होते हे खरं, पण गप्प राहिले ती स्वतःची नोकरी वाचवायला. तू शिक्षण सोडून गेलीस आणि महिन्याभरात मी तुझ्या टेबलावर बसले. फार लाज वाटते गं.

काल सरांना सगळं लेखी दिलं. त्यांनी उठून तुझा पत्ता शोधून दिला. तू हो म्हणालीस तर तुझे आकडे तुझ्याच नावानं छापायचे आहेत. माफी मागायला मला तोंड नाही. सोबतची चिठ्ठी तुझी आहे, ती परत करायला हे पत्र. कुपीच्या बुडाला चिकटवलेली होती. थेंब सोडल्यावर दिसली, तशी मी ती काढून पर्समध्ये लपवली. तुझंच अक्षर आहे: ‘कोरडी दिसली तरी भरलेली आहे. ताई, पाणी घालू नकोस.’

तुझीच म्हणायला कचरणारी,
ताई