चौथा बिघडला

घाटकोपर,
११ नोव्हेंबर १९५७

प्रिय मृणाल,

पत्ता तुझ्या आईने दिला. तो तिच्याकडे होता, हे मला काल कळलं. तांदळाच्या डब्याच्या झाकणाला आतून कागद चिकटवलेला होता. अडीच वर्षं मी त्याच डब्यातला भात खात होतो.

आधी कामाचं लिहितो. छायाचित्र मंडळाचं प्रदर्शन डिसेंबरात आहे. निवडलेल्या फोटोंत एक बिननावाचा आहे. येत्या रविवारी, सतरा तारखेला, त्याला नाव मिळालं नाही तर तो यादीतून काढतील. तो फोटो कोणाचा, हे मला माहीत आहे. ते एकट्याने सांगणं मला जमत नाही.

मंडळ अजून शाळेच्या त्याच वर्गात, रविवारी सकाळी भरतं. आता बावीस जण आहोत. बाई एकही नाही. तुझ्यानंतर कोणी आली नाही. श्यामसुंदर अजून चिटणीस आहे आणि अजून फळ्यावर टाचण्यांनी फोटो लावताना नावं झाकून ठेवतो. पद्धत तीच. आधी सगळ्यांनी बोलायचं, हवं ते, तोंडावर. मग श्यामसुंदर विचारणार, ‘कोणाचा?’ आणि ज्याचा असेल त्याने उभं राहायचं. तुझ्या पहिल्या फोटोला मी स्वतः ‘क्षितिज कलंडलंय, म्हशी घसरतील’ म्हणालो होतो, आणि तू उभी राहिलीस. पुढे घरी दोन दिवस बोलली नव्हतीस.

रोल मिळणं तेव्हा अवघड होतं, म्हणून आठ फोटोंच्या एका रोलमध्ये चार माझे, चार तुझे. तुला आठवत असेल, आपला एक वाद कधी मिटला नाही. मी फोटो काढला की लगेच किल्ली फिरवून फिल्म पुढे नेतो. तू फोटो काढण्याच्या आधी फिरवायचीस. दोन्ही पद्धती बरोबर आहेत. पण माझे चार झाल्यावर कॅमेरा तुझ्या हाती आला, की मी फिरवलेलं असायचं आणि तूही फिरवायचीस. पाचवा कोरा जायचा. ‘अण्णा, तुमच्यामुळे माझे दर वेळी तीनच होतात,’ असं तू म्हणायचीस. मी म्हणायचो, सवय तू बदल. मी ड्रॉइंग ऑफिसात तीस वर्षं काढली आहेत. माझी पद्धत चुकीची असेल, असं माझ्या मनात आलं नाही.

पंचावन्नच्या मार्चमध्ये तू म्हणालीस, या वेळी आधी मी. तू साकीनाक्याला गेलीस, कारखान्यांचे फोटो काढायला. संध्याकाळी कॅमेरा परत दिलास. दुसऱ्या दिवशी सकाळी मी घरात कॅमेरा तिवईवर लावला. तुझी आई खिडकीपाशी बसून तांदूळ निवडत होती. ऊन फक्त तिच्या हातांवर आणि सुपावर होतं, बाकी खोली काळी. मी शटर बराच वेळ उघडं ठेवलं. तू शेवटच्या फोटोनंतर फिरवलं नव्हतंस. मी आधी फिरवत नाही. दोन्ही फोटो फिल्मवर एकाच जागी, एकावर एक पडले.

रोल मी मोरीत धुतला, तुझ्या आईच्या एनॅमलच्या ताटांत. तू दाराबाहेर उभी राहून विचारलंस, ‘कसे आलेत?’ मी सांगितलं, बाकीचे बरे आहेत, चौथा बिघडला.

तो बिघडला नव्हता. आपली पुढची खोली होती, खिडकीपाशी तुझी आई. आणि जिथे भिंत काळी होती, बरोबर माझ्या कोटाच्या खुंटीखाली, पांढऱ्या सदऱ्यात नंदकुमार उभा होता. साकीनाक्याच्या कारखान्याच्या अंधाऱ्या दारात तू त्याला उभा केला असशील. मी त्याला ओळखत होतो. मंडळाच्या कॅमेऱ्याचं शटर अडकलं तेव्हा त्यानेच लेथवर बारीक तुकडा करून बसवला होता आणि चहासुद्धा न घेता गेला होता. फोटोत तो कॅमेऱ्याकडे बघत नव्हता. कॅमेऱ्यामागे जी होती, तिच्याकडे बघत होता. निगेटिव्हवर माणसाचा चेहरा काळा दिसतो, तरी ते समजलं. मी तेवढी पट्टी कापून वहीत ठेवली.

पंधरा दिवसांनी तू जेवताना नंदकुमारशी लग्न करणार असल्याचं सांगितलंस. मी विचारलं, ‘कोणाचा?’ म्हणजे कुठल्या घरातला, कोणाचा मुलगा. वडिलांचं नाव काशीराम, ते गिरणीत होते, गाव मालवणकडे, हे सगळं मला ठाऊक होतं. तरी विचारलं. तू ताटावरून उठलीस आणि म्हणालीस, ‘फोटो नाहीये तो, अण्णा.’ नंतर तू गेलीस. मी थांबवलं नाही. आईने दारापर्यंत जाऊ नये असं मी सांगितलं, आणि ती गेली नाही.

आता ऑक्टोबरचं. श्यामसुंदरने महिन्याचा विषय दिला, ‘घर’. मी घरात अकरा फोटो काढले. सगळे स्वच्छ, सगळ्या रेषा सरळ. बांधकामाच्या अर्जाला जोडावेत असे. त्यांत कोणी राहत असेल असं वाटेना. मग वहीतली पट्टी काढली आणि मोठा प्रिंट केला. ताटात कागदावर आधी सूप आलं, मग हात, मग तो.

काल श्यामसुंदरने तो फळ्यावर लावला. मग सुरुवात झाली. एक म्हणाला, मुलगा परदेशी गेलाय, आई त्याची आठवण काढतेय. दुसरा म्हणाला, छे, गेलेला माणूस आहे, सावली पडलेली नाही बघा. चंद्रप्रकाश, नवीन आलेला, नेहमी मोठ्याने बोलतो, तो म्हणाला, ‘अरे, हा घरचाच आहे यार. फक्त अजून कोणी त्याला आत ये म्हटलेलं नाही.’ लोक हसले. श्यामसुंदरने पहिला क्रमांक दिला. ही कल्पना सुचली कशी, ते आम्हाला ऐकायचंय, म्हणाला, आणि विचारलं, ‘कोणाचा?’

मी उभा राहिलो नाही. अर्धा फोटो माझा नव्हता. आणि कल्पना तर कोणाचीच नव्हती. आपल्या दोघांच्या सवयींची ती चूक. श्यामसुंदरने तीनदा विचारलं. माझ्याकडे पाहिलं, कारण खोली त्याने ओळखली असणार. मग वहीत ‘बेवारशी’ असं लिहिलं आणि एका रविवारची मुदत दिली.

प्रिंट घरी आणला आणि पहिल्यांदाच तुझ्या आईला दाखवला. तिने चष्मा लावला. स्वतःकडे पाहिलंच नाही. नंदकुमारकडे बघत म्हणाली, ‘अडीच वर्षं उभा ठेवलाय त्याला. बस तरी म्हणायचं.’ मग उठून तिने डब्याचं झाकण काढून माझ्यापुढे ठेवलं.

म्हणून हे पत्र. अंधेरी फार लांब नाही. रविवारी सकाळी नऊला शाळेत या, दोघंही. श्यामसुंदर ‘कोणाचा?’ म्हणेल तेव्हा मी उभा राहीन. तूही राहा. नंदकुमारने काय करायचं ते त्याचं त्याने ठरवावं. मी त्याच्या शेजारी असेन. नंतर जेवायला घरी या. खुंटीवरचा कोट मी काढून ठेवला आहे. आला नाहीत तर प्रिंट यादीतून जाईल, इतकंच. घरातून तो काढणार नाही.

कॅमेऱ्यात नवा रोल भरला आहे. माझे चार काढून झाले. चौथ्यानंतर हात दोनदा किल्लीकडे गेला. फिरवलेली नाही.

तुझाच,
अण्णा