स्लाइड नंबर चौदा

सोहार,
१५ नोव्हेंबर २०२३, भाऊबीज

ती. सौ. कल्पनाताईस जयप्रकाशचा शि. सा. न. वि. वि.

अत्यंत जड अंतःकरणाने कळवतो, की तुझ्या चकल्या सोहारला पोचल्या, पण चकली या रूपात नाही. कौशिकने डबा बॅगेत बुटांखाली ठेवला होता. जी पूड उरली ती चमच्याने खातो आणि प्रत्येक घासाला कौशिकचा उद्धार करतो. कारखान्यात त्याला सेफ्टीचं ट्रेनिंग मीच दिलंय, हे विशेष.

बाकी क्षेम. आखातातली हवा आता बरी झाली आहे. खोलीतला एसी मी फक्त आवाजासाठी लावतो. घरात कुणीतरी बोलतंय असं वाटतं.

दिवाळीला शाळेच्या ग्रुपवर एक फार देखणा व्हिडिओ आला होता. संध्याकाळचं आभाळ, वर काहीतरी फुटतं आणि पांढऱ्या धुराचे शंभर पाय खाली उतरतात. जणू कुणी भुईनळा उलटा धरलाय. त्यावर 'शुभ दीपावली' लिहून मी तुझ्यासकट सेहेचाळीस जणांना पाठवला. तुझं उत्तर नाही.

उस्मानचंही नाही. उस्मान म्हणजे आमच्या स्टोअर्सचा, दक्षिण लेबनानचा. नऊ वर्षं आम्ही दोघं कॅन्टीनच्या एकाच टेबलावर जेवतो. तो मला उस्ताद म्हणतो, मी त्याला अर्बाब, म्हणजे मालक; मालकीचं दोघांकडेही काही नाही. गेले तीन दिवस तो गाडीत बसून जेवतो. त्याच्या आईच्या जैतुनाच्या, म्हणजे ऑलिव्हच्या, लोणच्याला मी 'आंबट गोट्या' म्हणालो होतो, त्याचा राग असावा. लेबनानी माणूस लोणच्यावरून किती दिवस रुसतो, हे कुठे लिहिलेलं नाही.

भाऊबीजेचं ओवाळून घेतलं असं समज. लोभ मात्र बुटांखाली ठेवू नकोस.

तुझा,
जयू

&nbsp;

सांगली,
२० नोव्हेंबर

चि. जयप्रकाश यास अनेक आशीर्वाद.

पत्राचा फोटो मिळाला. फोनवर तू नुसता हसवतोस, खरं बोलायला तुला कागद लागतो, म्हणून माझा हा पत्राचा हट्ट.

चकलीचं सुतक पुरे. तुझा तो देखणा व्हिडिओ मी सावनीला दाखवला. लेक माझी, पण बोलायला तुझ्यावर गेली आहे. म्हणाली, मामाला सांग हे फटाके नाहीत. बातम्यांत दाखवलंय, लेबनानच्या सीमेवरच्या गावावर पडलेला पांढरा फॉस्फरस आहे. मी म्हटलं, अगं, मामा तर लोकांना असलंच शिकवून पोट भरतो. त्यावर ती म्हणाली, मग तर आणखीच वाईट.

त्या उस्मानचं गाव कुठलं, हे नऊ वर्षांत कधी विचारलंस का रे? की नुसतीच थट्टा केलीस? लग्न केलं नाहीस तेव्हा मी गप्प बसले. पण शेजारी बसून जेवणारा एकुलता एक माणूस तोंडाने घालवलास, तर गप्प बसणार नाही. मला माफीबिफी लिहू नकोस. ऊठ आणि त्याच्याकडे जा. मग काय झालं ते कळव, आणि खरं कळव.

माया आहे म्हणून कान धरते.

ताई

&nbsp;

सोहार,
२ डिसेंबर

ती. सौ. ताईस सा. न. वि. वि.

उत्तराला बारा दिवस लागले. खरं लिही म्हणालीस, त्याला वेळ लागतो.

माझ्या ट्रेनिंगमध्ये स्लाइड नंबर चौदा आहे: पांढरा फॉस्फरस. पाण्याखाली ठेवावा. हवा लागली की आपोआप पेटतो. कातडीवर पडला तर हाडापर्यंत जाळत जातो. विझला असं वाटतं, पट्टी सोडली की पुन्हा धुमसतो. अरबी बोलणाऱ्या कामगारांना ही स्लाइड उस्मान समजावतो, मी फक्त बोट दाखवतो. म्हणजे व्हिडिओ पाहून दुभाष्याला क्षणात कळलं, मास्तरला नाही. युद्धाच्या कागदपत्रांत या दारूगोळ्याला धुराचा आडोसा म्हणतात. गावावर पडला तरी आडोसाच. त्यांनी त्याला धूर म्हटलं, मी दिवाळी. बारसं करण्यात आम्ही सगळेच हुशार.

तुझं पत्र आल्यावर दुसऱ्या दुपारी उस्मानच्या गाडीच्या काचेवर टकटक केली. माफी मागितली. त्यात एक विनोद घालायचा होता, तो गिळला. त्याने सांगितलं, व्हिडिओत डावीकडे दिसतात ती झाडं त्याच्या आईची. दिवाळीच्या दिवशी तो मला काहीतरी विचारायला निघाला होता. जिन्यात असताना माझ्या शुभेच्छा पोचल्या आणि तो परत फिरला. काय विचारायचं होतं, ते न सांगता त्याने काच वर केली.

चार दिवसांनी तो आपणहून खोलीवर आला. सीमेवरचा गोळीबार थांबला होता. त्याची आई जोहराबाई सैदा शहरात लेकीकडे आसऱ्याला होती, ती जैतून तोडायला गावी निघाली होती. ऐकेना. त्याला एवढंच विचारायचं होतं, की मातीत काय राहिलं असेल.

जोहराबाईंना फोन लावला. मी बोललो, तो अरबीत सांगत गेला. तपकिरी ढेकळाला हात लावू नका, पायानेही ढकलू नका. वरची साल फुटली की आतून पेटतं. लसणासारखा वास आला तर मागे फिरा. अंगावर पडलंच तर पाण्यात बुडवा, ओलं फडकं दवाखान्यापर्यंत सुकू देऊ नका. आणि खरं तर जाऊच नका. सगळं ऐकून बाईंनी विचारलं, मुलगा सांगतो तो फार विनोदी हिंदी माणूस तुम्हीच ना. मी म्हटलं, नाही, तो दुसरा.

त्या गेल्याच. चौथ्या रांगेत वास आला, तशा टोपली तिथेच टाकून मागे फिरल्या. हातपाय शाबूत आहेत. आधीच्या तीन रांगांतले तोडलेले जैतून खायचे का, असं नंतर विचारलं. मला माहीत नव्हतं, तसं सांगितलं.

उस्मान परवा महिन्याभरासाठी त्यांच्याकडे गेला, आणि काल गोळीबार पुन्हा सुरू झाला. इन्शाल्ला येईन, म्हणाला. पूर्वीसारखं एका टेबलावर जेवू, असं म्हणाला नाही. मीही विचारलं नाही.

आज सुट्टी. ज्यांना ज्यांना तो व्हिडिओ पाठवला होता, त्या सगळ्यांना, उस्मान सोडून, सकाळपासून एकेक करून लिहिलं, की ते फटाके नव्हते, एका गावावर पडलेला पांढरा फॉस्फरस होता आणि ते गाव माझ्या मित्राचं आहे. नऊ अंगठे आले, चार जोडलेले हात, आणि एकाने उलट शुभ दीपावली.

तुझं नाव शेवटी ठेवलं होतं. तुला ठाऊक आहे, तरी कागदावर लिहितो. ताई, ती दिवाळी नव्हती.

लोभ आहे तेवढा राहू दे.

जयप्रकाश