बल्ब लावूनही फाइव्ह-नाइन

३ नोव्हेंबर
सकाळी सव्वासात. रेडिओ सेटवर हाक दिली. उत्तर एकच, बाभुळगावच्या गुरुजींचं. "फाइव्ह-नाइन, खणखणीत!" म्हणजे बोलणं स्वच्छ, आवाज दणदणीत. हौशी रेडिओचं लायसन्स मिळून दोन महिने झाले, रोज हेच. बाकी कोणी उत्तर देत नाही. पाच वॅटचा घरी जुळवलेला सेट, बांबूवर भंगार मोटरच्या तारेचा अँटेना. यातून खणखणीत? काहीतरी काळंबेरं आहे.

५ नोव्हें.
हरभऱ्याला ओलित सुरू, दुकानात जळलेल्या मोटरींची रांग. एक जण पार कोळसा घेऊन आला. "काही नाई केलं भाऊ, आपोआपच जळली." वीस वर्षं बोरी अरबात वाइंडिंग करतोय, आपोआप जळलेली मोटर अजून पाहिली नाही.
गुरुजींना मुद्दाम विचारलं, तिकडे थंडी किती? उत्तर आलं, तुरीला फुलं चांगली आहेत.
ज्योती चहा ठेवता ठेवता, "कोनी बोलून राह्यलं का तुमच्याशी, का तुमीच बोलून राह्यले?" बायकोनंच असं विचारावं! चिडलो तिच्यावर.

८ नोव्हें.
नागपूरहून एकाचा फोन. सेट विकायचा असेल तर पुढच्या रविवारी घ्यायला येतो. हो म्हणालो नाही, नाहीही नाही. गुरुजींनीच पत्रं लिहून लायसन्सच्या परीक्षेचा अभ्यास करून घेतला होता. तेव्हा वाटलं होतं, आपला आवाज या दुकानाबाहेर कुठंतरी दूर जाईल. तो जातो का, एवढंच कळू दे. जात नसेल तर विकून मोकळा.

९ नोव्हें.
आमच्या धंद्यात सांगणाऱ्याचं ऐकत नाहीत, बल्ब लावून बघतात. अँटेना काढला, जागी बल्ब जोडला. सगळी ताकद बल्बात, बाहेर काही नाही. बोललो की बल्ब मिणमिणे. हाक दिली.
"फाइव्ह-नाइन, खणखणीत!"
पकडलं!
दुपारी फोन. नेहमीसारखा गुरुजींच्या बायकोनं, काकूंनीच उचलला. गुरुजी स्वतः कधीच का येत नाहीत फोनवर? बल्बाचं सांगितलं, तशा काकू त्यांना विचारून आल्या. "ते म्हनतात, बल्बातूनयी थोडं बाहेर जाते."
थोडं जातं, खरं आहे. पण थोडं म्हणजे खणखणीत?

१२ नोव्हें.
मोटर पोचवायची आहे असं ज्योतीला सांगून साडेपाचला गाडी काढली. सातला बाभुळगाव. गुरुजी ओसरीत सेटसमोर, पाठ माझ्याकडे. काकूंनी बघितलं. सव्वासात झाले. गुरुजींनी माझा कॉलसाइन, म्हणजे रेडिओवरचं माझं नाव, घेतला, थांबले, म्हणाले, "फाइव्ह-नाइन, खणखणीत!"
मी त्यांच्या मागे चार हातांवर उभा. माझा सेट बोरी अरबात, बंद.
मग सेटवरूनच मला तुरीचं सांगितलं. मग मी बोलेन तेवढा वेळ थांबले, मान हलवत.
काकू फाटकापर्यंत आल्या. "दोन वर्स झाले, काईच आयकू येत नाई त्याह्यले. मी पाटीवर लिहून इचारतो. तुमच्याशी बोलाचं म्हनून सकाळीच उठून दाढी करतात. सांगू नोका, भाऊ."
येताना रस्ताभर राग. दोन महिने फसवलं. त्या दाढीचं आठवलं की मात्र नीट चिडताही येईना.

१३ नोव्हें.
लॉगबुक काढलं. मी गुरुजींना दिलेले रिपोर्ट... रोज फाइव्ह-नाइन. कितीदा त्यांचा आवाज खरखरीत बुडालेला असायचा, अर्धं कळायचं नाही. मीटरकडे न बघता ठोकून द्यायचो. आणि मी लोकांच्या मोटरी तपासतो!

१५ नोव्हें., रविवार
नागपूरवाला अकराला येणार. सेट पुसून खोक्यात ठेवला. सात वाजता परत काढला. अँटेना जोडला.
सव्वासातला गुरुजी आले. आवाज फार क्षीण. थ्री-थ्री म्हणणंही जास्तच.
"फाइव्ह-नाइन, गुरुजी," म्हणालो. "खणखणीत."
  मग त्यांनी तुरीला शेंगा धरू लागल्याचं सांगितलं.
त्यांचं झालं तरी मी बोलत बसलो. दुकानाचं, ज्योतीचं, बल्बाचंसुद्धा. कोणी ऐकत नाही हे माहीत असून.
अकरा वाजलेत. दारासमोर गाडी थांबली. "कोनी आलं हो," ज्योती हाका मारतेय. सेट टेबलावरच आहे, खोकं रिकामं.